अंबारखाना आणि मातेरे

आपल्याकडे किल्ल्यांचा इतिहास लिहिला गेला तो दरवाजांचा आणि बुरुजांचा. कोण कोणत्या वाटेने वर चढला, कोणत्या बुरुजावरून तोफ डागली गेली, कोणत्या दरवाजात कोण पडला, याच्या नोंदी तपशीलवार आहेत. धान्याच्या कोठाराला या इतिहासात जागा मिळते ती एखाद्या ओळीची. वस्तुतः वेढ्यात सापडलेला किल्ला तोफांनी जितका लढतो, त्याहून अधिक कोठाराने लढतो. कोठार हे राज्याचे पोट आहे. आणि पोटाचा इतिहास लिहायला बसले की ते कोणी भरले, कोणाच्या पाठीवरून भरले आणि रिकामे झाले ते कोणासाठी, हे प्रश्न निघतात. प्रस्थापित इतिहासकाराला हे प्रश्न सोयीचे नसतात. माझ्यासारख्या, घराण्यात पहिल्यांदाच पदवी घेतलेल्या माणसाला मात्र ते टाळता येत नाहीत.

मी वाईत इतिहास शिकवतो. वाई म्हणजे कृष्णेचे घाट, रास्त्यांनी १७६२ साली बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ, पलीकडे मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, प्राज्ञपाठशाळा आणि विश्वकोश. गावाची ही ओळख खरीच आहे. पण ती नदीच्या पायऱ्यांवरून पाहिलेली ओळख आहे. त्या पायऱ्यांचा दगड ज्यांनी वाहिला त्यांच्या वस्तीतून वाई कशी दिसते, हे अजून कोणी नीट सांगितलेले नाही. या गावात धान्याच्या इतिहासाचे मोठे स्मारक नाही. ते पाहायला पन्हाळ्यावर जावे लागते. आणि वाईतून पन्हाळ्याकडे जाणारा रस्ता इतिहासातही आहे. १६५९ साली अफझलखानाचा तळ वाईस पडला. वाईचा सुभा पूर्वी त्याच्याकडेच होता. १० नोव्हेंबरला तो प्रतापगडाखाली मारला गेला आणि त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा शिवाजी महाराजांच्या हाती आला. विद्यार्थ्यांना मी हे अठरा दिवस नेहमी सांगतो, कारण या अठरा दिवसांत एक किल्लाच ताब्यात आला असे नाही. दख्खनच्या या भागातले एक प्रचंड कोठार ताब्यात आले.

पन्हाळ्याच्या बालेकिल्ल्यात हा अंबारखाना आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी त्याच्या तीन कोठ्यांची नावे. नद्यांची नावे धान्याच्या कोठ्यांना द्यावीत यातली कल्पकता मान्य करून पुढे जाऊ. किल्ला मुळात शिलाहार भोज दुसरा याच्या काळचा. अंबारखान्याची घडण मात्र विजापुरी वळणाची आहे. तिन्हींत गंगा कोठी मोठी. तिचे क्षेत्र सुमारे १०,२०० चौरस फूट आणि उंची ३५ फूट. आत सोळा खण, प्रत्येक खणावर चपट्या घुमटाचे छत आणि प्रत्येक छताच्या माथ्याला एक भोक. बाहेरच्या अंगाने दगडी जिने थेट गच्चीवर जातात. धान्य जिन्याने गच्चीवर न्यायचे, माथ्याच्या भोकातून आत ओतायचे आणि काढायचे ते खालच्या दाराने. एवढ्या मोठ्या इमारतीला खिडक्यांचा सोस नाही. उजेड, वारा आणि ओल बाहेर ठेवणे हेच तिचे काम.

या वास्तूची अक्कल तिच्या साधेपणात आहे. लाकडी तुळया नाहीत म्हणून वाळवी नाही आणि आगीचे भय कमी. जाड दगडी भिंतींमुळे उन्हाळ्याची धग आणि पावसाळ्याची सर्दी दाण्यापर्यंत सावकाश पोचते. धान्य वरून पडते ते आपल्याच वजनाने खणभर पसरते. आत उतरून फावड्याने ओढत बसावे लागत नाही. घुमटाचा भार भिंतींवर जातो, आणि धान्याची रास भिंतींना आतून रेटते तेव्हा त्यांची जाडी तो रेटाही सोसते. रामचंद्रपंत अमात्यांची 'आज्ञापत्र' ही रचना अठराव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूरच्या गादीसाठी सिद्ध झाली. त्या दरबाराचे ठाणे पन्हाळाच. तीत गडावरच्या साठ्याला आग, उंदीर, किडा, मुंगी, वाळवी यांचा उपद्रव पोचू नये याची काळजी सांगितली आहे. ज्याने हे सांगितले त्याच्या नजरेसमोर रोज हा अंबारखाना असणार.

गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावत असे, असे तिच्या वर्णनात सांगतात. खंडीचे माप गावोगाव वेगळे होते, तरी नेहमीचा हिशोब घेऊ. वीस मणांची खंडी, बारा पायल्यांचा मण, चार शेरांची पायली. म्हणजे पाच लाख मण, साठ लाख पायल्या, दोन कोटी चाळीस लाख शेर. माणशी रोज एक शेर धरला तर दहा हजार माणसे साडेसहा वर्षे जेवतील. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चच्या आरंभापासून होता आणि १२ जुलैच्या रात्री महाराज त्यातून निसटले. चार महिने आणि वर काही दिवस. या वेढ्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि शिवा काशिदांचे व बाजीप्रभूंचे बलिदान त्या मानाचेच आहे. पण ते चार महिने गडावरची चूल कशावर पेटली, हा प्रश्न माझ्या वर्गात एकाही विद्यार्थ्याने आपणहून विचारलेला नाही. त्यांना तो विचारायला कोणी शिकवलेलेच नाही.

आता या दोन कोटी शेरांकडे उलट बाजूने पाहू. ते गच्चीवर कसे गेले? जिना दगडी आहे, उभा आहे, आणि त्याच्यावर बैल चढत नाही. पायथ्यापर्यंत बैल आणील, गडाच्या दारापर्यंत आणील. गच्चीपर्यंत माणसाची पाठच लागते. घेऱ्यातल्या गावांवर गडासाठी गवत, लाकूडफाटा आणि ओझी वाहण्याची वेठ असे, हे मराठी कागदपत्रांत जागोजाग येते. वेठीला गावातून कोण जाई, हे सांगायला कागद लागत नाही. गावगाड्यात निरोप पोचवणे, सरकारी सामान पुढच्या गावापर्यंत नेणे, खजिन्याबरोबर चालणे, ही महाराच्या वतनाचीच कामे होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' लिहिला तेव्हाही ती चालूच होती. अर्थात अंबारखान्याचे प्रत्येक पोते महारानेच वाहिले असे मी म्हणणार नाही. कुणबी वेठीतून सुटला नव्हता. पण कुणब्याला वेठ कधीमधी लागे. आमच्या माणसाची ती वंशपरंपरेची ओळख होती.

गडावर आम्ही नव्हतो असे मात्र नाही. ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्याच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात गडाच्या शिबंदीत ब्राह्मण, मराठे, रामोशी, महार आणि मांग अशी नावे घेतली आहेत. या सगळ्यांना मिळून गडकरी म्हणत आणि त्यांना वंशपरंपरेने जमिनी असत. महार-रामोशांकडे बाहेरच्या चौक्या होत्या. बातम्या आणणे, वाटा राखणे, चौकशी करणाऱ्याला भलतीकडे लावणे, शत्रूचे मागे रेंगाळलेले लोक कापणे ही त्यांची कामे. म्हणजे गड राखायचा तो बाहेर राहून. इथे रचनाही बोलते. अंबारखाना बालेकिल्ल्यात, सगळ्यांत आत. महाराची चौकी सगळ्यांत बाहेर. गाव आणि गावकूस यांचे जे नाते तेच इथे दगडात आहे. पुढे याच गडकऱ्यांच्या हक्कांना हात लागला तेव्हा १८४४ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात उठाव केला. साताऱ्यास रेसिडेंट राहिलेल्या कर्नल ओव्हन्सला त्यांनी पन्हाळ्यावर कोंडून ठेवले. १ डिसेंबरला इंग्रजांनी तोफांनी गड घेतला. अंबारखाना तेव्हापासून पोरका झाला असे म्हटले तरी चालेल.

अंबारखान्याजवळ धर्मकोठी नावाची आणखी एक दगडी इमारत आहे. सुमारे ५५ फूट लांब, ४८ फूट रुंद. तिथून गोरगरिबांना धान्य वाटले जाई, असे सांगतात. मी त्या दारापाशी बराच वेळ थांबलो होतो. बरोबरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपल्याला कुठं उभं करत असतील?" प्रश्न रोकडा होता. धर्म करणाऱ्याने ज्याला शिवायचे नाही त्याला द्यायचे कसे? वरून टाकून, की जमिनीवर ठेवून दूर होऊन? धर्मकोठीच्या वर्णनात मापे आहेत, घुमट आहे. या अंतराचे माप कुठेच नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. कोठार म्हणजे नुसती लूट, असे समीकरण मांडणे सोपे आहे आणि आपल्यातल्या काही उत्साही मित्रांना ते आवडते. ते पुरेसे नाही. चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. साठ्यातले दाणावैरण बेहिशेबी उडवाल तर पावसाळ्यात उपाशी राहाल, मग रयतेच्या घरात शिराल, आणि रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा आशय. दिव्याची पेटती वात उंदीर नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत त्यात बजावले आहे. जिथे कोठार भरलेले आणि हिशेबात असते तिथे शिपाई शेतकऱ्याच्या कणगीत हात घालत नाही. राज्याने साठा करणे हा रयतेचा बचावही असतो. सोहगौऱ्याच्या प्राचीन ताम्रपटात आणीबाणीसाठी राखलेल्या दोन कोष्ठागारांची गोष्ट आहे. म्हणजे हा विचार आपल्या देशात दोन हजार वर्षांहून जुना आहे. वाद साठा करण्याशी नाही. किल्ली कोणाकडे, आणि माप कोणाच्या हाती, इथे वाद आहे.

गावात किल्ली नव्हती, पेव होते. आपल्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात जमिनीखाली धान्य साठवण्याची ही रीत घरोघर नसली तरी मोठ्या घरी असायचीच. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे अगदी अलीकडेपर्यंत नांदती होती आणि २००५ च्या महापुराने त्यांची फार हानी केली. पेवाचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, खाली पोट फुगलेले. आतून सारवायचे, कडबा-भुसा लावायचा, धान्य भरायचे, वर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचे. आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू दाणेच हळूहळू संपवतात, कर्बवायू साठतो, आणि त्यात किडा जगत नाही. औषधाशिवाय धान्य टिकते ते यामुळे. पण जी हवा किड्याला मारते ती माणसालाही मारते. म्हणून पेव उघडले की काही काळ तसेच ठेवायचे, मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा विझला तर उतरायचे नाही. दिवा जळला की माणूस सोडायचा. आमच्या आजीच्या गावात हा माणूस कोणाच्या घरचा असे, हे तिला विचारले तेव्हा ती नुसती हसली होती. "पाटील उतरंल व्हय रं?"

याच आजीकडून मी मातेरे हा शब्द शिकलो. खळ्यावर मळणी झाली, वारवणी झाली, रास पडली, रास मोजून पोत्यांत गेली, की खाली उरते ती माती, खडे, भुसा आणि त्यात मिसळलेले दाणे. ते मातेरे. बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत सुतार-लोहारांबरोबर महाराचे नाव आहे आणि अभ्यासक ते कौतुकाने दाखवतात. कागदावर ओळ थोरली होती. खळ्यावर पेंढी मागायला तासन्‌तास उभे राहावे लागे, आणि रात्री ज्याने रास राखली त्याच्या सुपात पहाटे मातेरे पडे. आजी म्हणायची, "रास त्यांची, मातेरं आमचं." ती मातेरे पाण्यात कालवायची, दाणे वर काढायची, खडे तळाला. शेरभर दाण्यासाठी अर्धा दिवस. गंगा कोठीतल्या दोन कोटी चाळीस लाख शेरांची बेरीज मांडताना माझ्यासमोर हा एक शेर असतो.

कोठाराची एक कथा महाराष्ट्राने डोक्यावर घेतली आहे, ती मंगळवेढ्याची. हे गाव पूर्वी सांगली संस्थानात होते. बिदरच्या बादशहाचा इथला अंमलदार दामाजीपंत याने दुष्काळात सरकारी कोठारे लोकांना खुली केली. बादशहाने पकडून आणवले. तेव्हा पंढरीच्या विठोबाने महाराचे रूप घेतले आणि धान्याची किंमत बिदरला पोचती केली. काठी, घोंगडी, जोहार, सगळे यथासांग. या विठू महाराची कथा कीर्तनांतून आणि चित्रांतून घराघरांत गेली. आमच्या लोकांनी तिला आपला धागा जोडला. महारांच्या बावन्न हक्कांची सनद बिदरच्या बादशहाकडून आली, असे परंपरा सांगते. कथेत देवाला महार व्हावे लागले, म्हणून पुष्कळांना ती समतेची कथा वाटते. मला तशी ती वाटत नाही. देवाला महाराचे रूप का घ्यावे लागले? कारण सरकारी रक्कम घेऊन उन्हातान्हात बिदरपर्यंत चालत जाणे हे काम गावगाड्यात दुसऱ्या कोणाचे नव्हतेच. कोठार उघडल्याचे पुण्य दामाजीला, भरपाई केल्याचे पुण्य विठोबाला, आणि महाराचे काय, तर वेष. काम झाल्यावर उतरवून ठेवलेला.

आणि हेच मंगळवेढे चोखामेळ्याच्या मृत्यूचे गाव आहे. दामाजीच्या शंभरेक वर्षे आधी, १३३८ साली, गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली काम करणारे महार गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून ओळखल्या आणि पंढरपूरला महाद्वारात समाधी बांधली, असे सांगतात. कथा अस्थींच्या ध्वनीपाशी थांबते. मला भिंत दिसते. ज्या कुसाच्या बाहेर राहायचे तेच कूस बांधताना मरायचे. त्या दिवशी चोखोबांबरोबर आणखी किती जण गाडले गेले, त्यांच्या अस्थींना कान लावायला कोणी आले नाही. मंगळवेढ्याला ज्याने कोठार उघडले त्याची कथा झाली, ज्याने भिंत उचलली त्याची फक्त समाधी झाली, तीही देवळाबाहेर.

इंग्रजी अमदानीत कोठाराची जागा बाजाराने आणि आगगाडीने घेतली, आणि दुष्काळ पडला तेव्हा दाणा होता पण तो विकत होता. १८७७ साली सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरेल असे ठरवले. एक पौंड! मातेऱ्यातल्या शेराहून कमी. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी कामाशी आपल्या चळवळीचे एक नाते आहे, ते फारसे ध्यानात घेतले जात नाही. सुभेदार रामजी सकपाळ खटाव तालुक्यातल्या गोरेगावी रोखपाल होते. उपासमारीने मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खणायला घेतला होता. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेले लहान भीमराव आणि भावंडे मसूर स्टेशनावर उतरली आणि पुढच्या प्रवासात त्यांच्या वाट्याला काय आले, ते बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. आपण ती हकीगत पाण्यासाठी आणि बैलगाडीसाठी वाचतो, ते योग्यच आहे. पण त्या रस्त्याच्या टोकाला एक दुष्काळी काम होते आणि तिथल्या मजुरीचा रोकडा हिशोब एका महाराच्या हाती होता, हेही वाचावे. विठू महाराच्या कथेत रक्कम वाहणारा महार होता. इथे रक्कम मोजणारा आहे.

पुढे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे. बलुत्याच्या धान्याऐवजी रोख पैसा मिळावा, तो सरकारमार्फत मिळावा, ज्याला वतन सोडायचे त्याला सोडता यावे, हा त्याचा गाभा. म्हणजे खळ्यावरचे उभे राहणे बंद करणे. ते विधेयक पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला. त्याआधी, १९५६ च्या धर्मांतरानंतर, गावोगाव आपल्या लोकांनी स्वतःच बलुते सोडले. मेलेले ढोर ओढणे सोडले, हे सगळे सांगतात. त्याबरोबर खळ्यावरचे धान्य सोडले, हे कमी सांगितले जाते. ज्याच्या घरात कणगी नाही, पेव नाही, त्याने वर्षाचे दाणे एका निश्चयाने सोडायचे! आजोबांनी सूप घेऊन जायचे बंद केले त्या वर्षी घरात काय शिजले, असे विचारल्यावर आजीने फक्त भाज्यांची नावे घेतली, तीही रानातल्या. तांदुळजा, घोळ, पाथरी, चिघळ.

हे सगळे आज मांडण्याला एक तातडीचे कारण आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत पन्हाळा आहे आणि आमच्या वाईशेजारचा प्रतापगडही आहे. आनंदच आहे. आता नवे फलक लागतील, मार्गदर्शकांना नवा मजकूर दिला जाईल, आणि एकदा दगडावर आणि पत्र्यावर गेलेला मजकूर पन्नास वर्षे हलत नाही. हडप्पाच्या तथाकथित धान्यकोठाराशेजारी खोल्यांची रांग सापडली तेव्हा व्हीलरला ती मजुरांची घरे वाटली. पुढच्या संशोधकांनी त्या कोठारावरही शंका घेतली, ते असो. पण कोठार दिसले की शेजारी मजूर शोधावा, एवढे त्याला सुचले. अंबारखान्यापुढे उभे राहणाऱ्याला तेवढे तरी सुचावे असा मजकूर कोण लिहिणार?

या उन्हाळ्यात आमचे काही विद्यार्थी प्रतापगड, पांडवगड आणि वैराटगड यांच्या पायथ्याच्या गावांत, विशेषतः बौद्धवाड्यांत आणि मातंगवस्त्यांत, सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडे जाणार आहेत. आजोबा-पणजोबांनी गडासाठी, पाटलासाठी, सरकारसाठी काय वाहिले, खळ्यावर काय मिळे, पेवात कोण उतरे, एवढेच विचारायचे ठरले आहे. शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायचे. त्यांचे प्रमाण मराठीत भाषांतर करायचे नाही. पन्हाळ्याच्या घेऱ्यातल्या गावांत हेच काम कोल्हापूरच्या मित्रांनी हाती घ्यावे. शिक्षकांनी आपापल्या गावातल्या एका पेवाची जागा, खोली आणि ते शेवटचे कधी उघडले हे लिहून पाठवले तरी पुष्कळ आहे. पेवे बुजत चालली आहेत, आणि त्यांत उतरलेली माणसे त्याहून वेगाने.